घरातला भोंगा

जबलपूरच्या रांझी-खमरिया भागात राहणाऱ्या माणसाला भोंगा म्हणजे काय, ते समजावून सांगावे लागत नाही. १९०४ मध्ये या शहरात गन कॅरेज फॅक्टरी सुरू झाली, पुढे खमरियाला दारूगोळ्याचा कारखाना आला, १९६९ मध्ये लष्करी वाहनांचा कारखाना आला. भोंगा झाला की डबा उचलायचा, भोंगा झाला की सायकल काढायची, अशा शिस्तीत इथल्या पिढ्या वाढल्या. कारखान्यांत, रेल्वेत आणि हायकोर्टात नोकरीसाठी येऊन इथलीच होऊन गेलेली मराठी कुटुंबेही त्यातलीच.

अशाच एका घरात, कारखान्यातून निवृत्त व्हायला चार-पाच वर्षे उरलेल्या एका फिटरच्या घरात, दुसरा एक भोंगा होता. तो रोज पहाटे पाच वाजता आणि संध्याकाळी बरोबर सात वाजता वाजायचा. "अरे, सात वाजले. पुस्तकं काढ!" हा आवाज आईचा. (हे घर कुणा एकाचे नाही. गढ्यात, राइट टाउनमध्ये, नेपियर टाउनमध्ये, फार कशाला, नागपुरात आणि नाशकातही असे घर सहज सापडेल.) मोठ्या मुलाच्या बारावीपर्यंत या भोंग्याने एक दिवस खाडा केला नाही. कोणत्या दिवशी कोणता विषय, हे आईने ठरवायचे. वह्या आईने लावायच्या, कोचिंगला सोडणे-आणणे बाबांनी करायचे. प्रश्नपत्रिका कोचिंगवाले सोडवून घ्यायचे आणि चुका कुठे झाल्या, तेही तेच सांगायचे. मुलाने फक्त समोर बसायचे. तो बसलाही. टक्केही चांगले पडले आणि पुण्याच्या इंजिनिअरिंग कॉलेजात प्रवेश मिळाला. गोलबाजारातून पेढे आले.

पहिल्या सेमिस्टरचा निकाल लागला त्या रात्री फोन आला. "आई, दोन विषयांत बॅक लागली." आईला आधी वाटले की संगत बिघडली. मग वाटले की तब्येत बिघडली. खोदून खोदून विचारल्यावर मुलगा जे बोलला, ते मात्र तिच्या ध्यानीमनी नव्हते. "इथे कुणी काही सांगतच नाही गं. कधी बसायचं, किती करायचं, झालं की नाही झालं... मला कळतच नाही."

आईने फोन ठेवला आणि नवऱ्याला एवढेच म्हणाली, "आपण काय कमी केलं हो याच्यासाठी?"

कमी काहीच केले नव्हते. केले ते सगळे जास्तच केले होते. अठरा वर्षे त्या मुलाचा अभ्यास दुसऱ्यांनी चालवला होता. गाडीत बसून हजार वेळा भेडाघाटला गेलेल्या माणसाला गाडी चालवता येतेच असे नाही. तसेच त्याचे झाले.

अभ्यास करणे आणि अभ्यास चालवणे

मुलांना आपला अभ्यास आपण चालवता आला पाहिजे, याला शिक्षणशास्त्रात स्वयंनियमन असे जडसे नाव आहे. नाव जड असले तरी गोष्ट घरगुती आहे. स्वयंपाक करणारी बाई काय करते? आधी घरात काय आहे, जेवायला किती जण आहेत, ते बघते. मग भाजी चढवते आणि मधेच झाकण काढून, चव घेऊन मीठ-तिखट पाहते. जेवणे झाल्यावर, 'आज रस्सा पातळ झाला, उद्या पाणी कमी' अशी मनाशी खूणगाठ बांधते. अमेरिकेतील मानसशास्त्रज्ञ बॅरी झिमरमन यांनी अभ्यासाचे नेमके हेच तीन टप्पे मांडले आहेत. आधीचा विचार, करतानाची देखरेख आणि झाल्यावरचा हिशेब.

झिमरमन आणि त्यांचे सहकारी मार्टिनेझ-पॉन्स यांनी १९८६ साली दहावीच्या ८० विद्यार्थ्यांना प्रश्न विचारले. त्यांतले निम्मे पुढच्या वर्गवारीतले, निम्मे मागे पडलेले. घरी अभ्यासाला बसल्यावर काय करतोस? गणित अडले तर काय करतोस? कंटाळा आला, मन लागेना, तर काय करतोस? पुढे असलेल्या मुलांकडे या प्रश्नांना ठोस उत्तरे होती. 'मी उजळणी करतो', 'मी जागा बदलतो', 'मी आधी सोपे घेतो' अशी. आणखी एक गोष्ट दिसली, ती पालकांनी विशेष लक्षात घेण्याजोगी आहे. ही मुले शिक्षकांना, मित्रांना, घरच्यांना विचारायला जास्त जात होती. म्हणजे स्वतःचा अभ्यास स्वतः चालवणे याचा अर्थ एकट्याने कुढत बसणे असा नव्हे. कुठे अडले आहे हे ज्याला कळते, तोच नेमका प्रश्न घेऊन दुसऱ्याकडे जाऊ शकतो. 'सर, मला काहीच कळत नाही' म्हणणाऱ्या मुलाला मदत तरी कुठून सुरू करणार?

पुण्याच्या त्या मुलाची अडचण हीच होती. तो आळशी नव्हता. रात्री दोन-दोन वाजेपर्यंत पुस्तक उघडून बसत होता. पण झाले की नाही झाले, हे त्याला कळत नव्हते, कारण ते सांगणारे माणूस आजवर नेहमी दुसरे होते.

बाबांचे गेज

या घरात धाकटी मुलगी नववीत होती. थोरल्याच्या निकालानंतर आईने तिच्यासाठी आणखी एक क्लास लावायचे ठरवले. त्यावर बाबा, जे एरवी अभ्यासाच्या भानगडीत पडत नसत, ते बोलले. त्यांच्या कामात गेज नावाची एक साधी वस्तू असते. भोक ठरलेल्या मापाचे पडले की नाही, हे पाहायला एक दांडा. त्याचे एक टोक आत गेले पाहिजे, दुसरे जाता कामा नये. दोन सेकंदांचे काम. "पार्ट हातात असतानाच आम्ही गेज लावतो," बाबा म्हणाले. "अख्खा माल तयार करून मग इन्स्पेक्टरकडे नेला आणि तिथे रिजेक्ट झाला, तर काय उपयोग? आपल्या पोराचं तेच झालं. त्याचा इन्स्पेक्टर परीक्षा. त्याच्या हातात गेजच नाही."

फिटरने जे ओळखले, ते मानसशास्त्रज्ञांनी प्रयोगशाळेत तपासून पाहिले आहे. अमेरिकेतील सेंट लुईस येथील वॉशिंग्टन विद्यापीठात रोडिगर आणि कार्पिक यांनी २००६ साली प्रसिद्ध केलेला प्रयोग घराघरांत माहीत व्हावा असा आहे. विद्यार्थ्यांना एक उतारा दिला. एका गटाने तो चार सत्रांत वाचून वाचून काढला. दुसऱ्या गटाने एकाच सत्रात वाचला आणि उरलेल्या तीन सत्रांत कागद मिटून, आठवेल तेवढे लिहून काढले. पाच मिनिटांनी परीक्षा घेतली, तेव्हा वाचणारे पुढे होते. त्यांना सुमारे ८३ टक्के मजकूर आठवला, तर लिहिणाऱ्यांना ७१ टक्के. पण आठवड्याने परीक्षा घेतली, तेव्हा चित्र पालटले. वाचणाऱ्यांकडे ४० टक्के उरले होते आणि मिटून लिहिणाऱ्यांकडे ६१ टक्के.

याहून मोलाची गोष्ट पुढेच आहे. आठवड्यानंतर तुम्हाला किती आठवेल, असे आधी विचारले होते, तेव्हा सर्वांत जास्त भरवसा होता तो पुन्हा पुन्हा वाचणाऱ्या गटाला!

'झालं माझं वाचून' म्हणणारे मूल खोटे बोलत नसते. ओळी ओळखीच्या होतात, डोळे सरसर धावतात आणि मनाला वाटते की आले. समोर दिसल्यावर ओळखणे आणि समोर नसताना आठवणे, या दोन निराळ्या गोष्टी आहेत. शेजारच्या काकूंचे तोंड हजारात ओळखू येईल, पण डोळे मिटून त्यांचे चित्र काढा म्हटले तर? परीक्षेत चित्र काढायचे असते.

म्हणून पहिले गेज म्हणजे मिटलेले पुस्तक. धडा वाचून झाला की पुस्तक बंद. कोऱ्या कागदावर आठवेल ते लिहायचे, मोडकेतोडके, मुद्द्यांत, चित्रांत, कसेही. मग पुस्तक उघडून काय राहिले, ते वेगळ्या शाईने लिहायचे. त्या वेगळ्या शाईत जे उतरले, तोच उद्याचा अभ्यास. बाकीचा धडा पुन्हा पहिल्यापासून वाचायचे कारण नाही.

मुलांना हे आवडत नाही, हे आधीच सांगितलेले बरे. वाचताना बरे वाटते, आठवताना लाज वाटते. पहिल्या दिवशी धाकटीच्या कागदावर चार ओळी आल्या. "आई, मला काहीच येत नाही," म्हणून ती रडकुंडीला आली. आईही घाबरली. पण तिला काल जेवढे येत होते तेवढेच आजही येत होते. फरक एवढाच, की आता ते तिला माहीत झाले होते, आणि तेसुद्धा परीक्षेला दोन महिने बाकी असताना.

जर्मनीचे हर्मान एबिंगहाउस यांनी १८८५ साली स्वतःवरच प्रयोग करून दाखवले होते की, शिकलेल्यापैकी बरेचसे पहिल्या काही तासांत आणि दिवसांतच निसटते. म्हणून तोच धडा दोन दिवसांनी, मग आठवड्याने, मग महिन्याने पाच-दहा मिनिटांसाठी असा मिटून आठवायचा. एका रात्रीत चार तास बसण्यापेक्षा हे स्वस्त पडते.

नर्मदेच्या काठची शाळा

ही सारी परदेशातली उदाहरणे झाली. पण जबलपूरहून इटारसीकडे जाणाऱ्या गाडीत बसले, तर नरसिंहपूर, गाडरवारा गेल्यावर बनखेडी, पिपरिया ही स्टेशने लागतात. हा होशंगाबाद जिल्हा. (२०२२ पासून त्याचे नाव नर्मदापुरम झाले.) या जिल्ह्यात १९७२ साली किशोर भारती आणि फ्रेंड्स रूरल सेंटर या दोन संस्थांनी सरकारच्या संमतीने १६ माध्यमिक शाळांत विज्ञान शिकवण्याची एक नवी पद्धत सुरू केली. सहावी ते आठवीची मुले, खेड्यातल्या सरकारी शाळा, प्रयोगशाळेचा पत्ता नाही. तरी मुलांनी चार-चारांच्या टोळ्या करून, साध्या स्वस्त साहित्यातून स्वतः प्रयोग करायचे. १९७८ मध्ये हा कार्यक्रम साऱ्या जिल्ह्यात गेला, १९८२ मध्ये एकलव्य संस्था स्थापन होऊन तिने तो पुढे नेला आणि राज्याच्या इतर जिल्ह्यांतही त्याची पावले पडली.

त्यांच्या 'बाल वैज्ञानिक' या पुस्तकांत गंमत अशी होती की, प्रश्न होते पण उत्तरे नव्हती. उत्तर प्रयोगातून काढायचे आणि आपल्या शब्दांत वहीत लिहायचे. एका टोळीचे उत्तर दुसरीशी जुळले नाही, तर वाद घालायचा आणि प्रयोग पुन्हा करून पाहायचा. परीक्षेला पुस्तक-वही जवळ ठेवायची मुभा होती आणि प्रत्यक्ष प्रयोगाचीही परीक्षा असायची. पुस्तक जवळ असून मुलांना ती परीक्षा सोपी जात असेल, असे वाटते ना? पण पुस्तकात उत्तरच नसेल, तर पुस्तक उघडून करणार काय? आणि जिथे फाडून काढायला तयार उत्तर नाही, तिथे 'माझे बरोबर आहे की नाही, हे मला कशावरून कळले?' हा प्रश्न मुलाला स्वतःलाच विचारावा लागतो. वर म्हटलेले गेज ते हेच.

या मुलांसाठी सवालीराम नावाचे एक काल्पनिक पात्रही होते. मनात येईल तो प्रश्न पत्राने सवालीरामला विचारायचा, आणि उत्तर येई. पुस्तकाबाहेरचा प्रश्न विचारणे म्हणजे आगाऊपणा मानणाऱ्या काळात सरकारी शाळेतल्या मुलांना प्रश्न विचारण्यासाठी हक्काचा पत्ता मिळाला होता.

२००२ साली राज्य सरकारने हा कार्यक्रम शाळांतून बंद केला. त्याच्या बऱ्यावाईटाबद्दल मते निराळी असू शकतात. तीस वर्षे चाललेली एवढी मोठी गोष्ट कुणी नीट मोजून-मापून न पाहता गुंडाळली गेली, ही खंत मात्र अनेक शिक्षकांना आहे. त्यानंतरच्या वर्षांत शहरांमधून कोचिंगचे फलक वाढले. कोचिंगचे सगळेच वाईट असते असे नाही. चांगला शिकवणारा कुठेही चांगलाच. पण तिथे उत्तर तयार मिळते, चूकही तयार दाखवली जाते. सोय म्हणून ते उत्तम, सवय म्हणून महाग.

सोपवायचे, पण हप्त्याहप्त्याने

मग उद्यापासून आईने बोलणे बंद करायचे का? मुळीच नाही. अठरा वर्षे हात धरून एकोणिसाव्या वर्षी एकदम सोडला, हीच तर थोरल्याच्या बाबतीत चूक झाली. रशियन मानसशास्त्रज्ञ वायगॉट्स्की यांनी शंभरेक वर्षांपूर्वी लहान मुलांच्या एका सवयीकडे लक्ष वेधले होते. मुले खेळताना मोठ्याने स्वतःशीच बोलतात. 'आता हे इथे ठेवू, अरे पडलं, आता मोठं खाली ठेवू.' मोठ्यांकडून ऐकलेले बोलणे आधी मुलाच्या ओठांवर येते आणि मग हळूहळू आत जाऊन विचार बनते. म्हणजे आईचे बोलणे आत जाणारच आहे. मात्र कोणते बोलणे आत जावे, हे पाहायला हवे. 'सात वाजले, पुस्तकं काढ' हे आत जाऊन काही उपयोगाचे नाही, कारण त्यात मुलाने ठरवायचे असे काहीच नाही.

धाकटीच्या घरी हुकुमाच्या जागी प्रश्न आले. "आज काय करणार आहेस?" "किती वेळ लागेल वाटतं?" आणि झोपण्यापूर्वी, "ठरवल्यातलं किती झालं?" तीनच प्रश्न आणि तेही पोलीस चौकशीच्या सुरात नव्हेत. पहिल्या आठवड्यात ती म्हणायची, "गणिताचं एक प्रकरण, अर्धा तास." लागायचे दीड तास. आईच्या जिभेवर 'मी म्हटलं नव्हतं?' यायचे आणि ती ते गिळायची. चौथ्या आठवड्यात मुलगी आपणच म्हणाली, "माझा अंदाज नेहमी निम्मा असतो. मी दुप्पट धरणार." हे वाक्य आईने सांगितले असते, तर एका कानाने ऐकून दुसऱ्याने सोडले असते.

वेळापत्रकाबद्दल दोन शब्द. चार रंगांची स्केचपेने घेऊन, पट्टीने रेघा मारून केलेले वेळापत्रक घरोघरी भिंतीवर असते आणि साधारण तिसऱ्या दिवशी मोडते. ते करण्यातच अभ्यासाचा निम्मा उत्साह संपतो! त्यापेक्षा उद्याची तीन कामे एका चिठ्ठीवर लिहिणे टिकते. जर्मन मानसशास्त्रज्ञ पीटर गोलवित्झर यांच्या संशोधनातून पुढे आलेली एक युक्ती त्याला जोडावी. नुसते 'उद्या इतिहास करीन' असे न म्हणता 'चहाचा कप विसळून ठेवला की इतिहासाचा धडा मिटून लिहीन' असे ठरवायचे. अमुक झाले की तमुक. वेळेचा काटा चुकतो, पण चहाचा कप रोज विसळला जातो. मोबाइलचेही तसेच. 'बघायचा नाही' हा निश्चय टिकत नाही. 'बसायच्या आधी बाबांच्या खोलीत चार्जिंगला लावीन' हे टिकते, अर्थात बाबांचा मोबाइलही तिथेच असेल तर.

चुकांची एक वही ठेवावी. चाचणीचा पेपर हातात आला की किती मार्क, एवढे पाहून तो दप्तरात जातो आणि दप्तरातून रद्दीत. त्याऐवजी प्रत्येक गेलेल्या मार्कासमोर एक शब्द लिहायचा. 'माहीत नव्हते', 'आठवले नाही', 'प्रश्न नीट वाचला नाही', 'वेळ संपला'. पहिल्या तिमाहीचे पेपर असे पाहिल्यावर धाकटीला दिसले की, विज्ञानात तिचे अर्ध्याहून अधिक मार्क प्रश्न अर्धवट वाचल्याने गेले होते. त्यावर औषध आणखी एक क्लास नव्हते. प्रश्नातल्या 'कारण द्या' आणि 'फरक सांगा' या शब्दांखाली रेघ मारणे, एवढेच होते. लावायचा ठरवलेला क्लास आईने मग लावला नाही.

आता अवघड गोष्ट. हे सोपवताना मूल मधे कुठेतरी आपटणारच. तिमाहीत एका विषयात धाकटीचे मार्क आठवीपेक्षा घसरले. आजीने सुनेला ऐकवले, "तुझं लक्ष नाही हल्ली पोरीकडे." आईची दोन रात्री झोप उडाली. पुन्हा भोंगा सुरू करावा, असे तिला शंभर वेळा वाटले. पण नववीच्या तिमाहीत आपटणे आणि घरापासून दूर, पहिल्या सेमिस्टरला आपटणे यांत फार अंतर आहे. इथे पडले तर खाली आईची सतरंजी असते. म्हणूनच हे नववीत, अकरावीत, बोर्ड नसलेल्या वर्षी सुरू करावे. बोर्डाच्या तोंडावर, जानेवारीत, प्रयोग करायला जाऊ नये.

काही गोष्टी मात्र सोपवायच्या नसतात. रात्रीची झोप, जेवण, घरातले शांत वातावरण ही जबाबदारी मोठ्यांचीच. पुरेशी झोप न झालेल्या मुलाकडून स्वतःवर ताबा ठेवायची अपेक्षा करणे म्हणजे रिकाम्या टाकीवर स्कूटर चालवणे. तसेच एखादे मूल मन लावूनही वाचू शकत नसेल, अक्षरे उलटसुलट होत असतील, बसवतच नसेल किंवा सतत उदास, भेदरलेले असेल, तर हा सवयीचा प्रश्न राहत नाही. तिथे डॉक्टरांना किंवा समुपदेशकांना भेटायला हवे, आणि वेळेवर. अशा मुलाला 'स्वतःचं स्वतः कर' म्हणून सोडून देणे क्रूरपणाचे होईल.

वर्गातली पाच मिनिटे

हे सारे घरावरच टाकणे योग्य नाही. ज्या घरात आई-बाप दोघे दिवसभर कामावर आहेत किंवा शिकलेले नाहीत, तिथे तीन प्रश्न विचारणार कोण? अशा मुलांसाठी शाळा हीच जागा. इंग्रजी अमदानीपासून शिक्षक घडवणारे प्रांतीय शिक्षण महाविद्यालय ज्या गावात आहे, त्या जबलपूरच्या शिक्षकांना हे नवे नाही. पण वर्गात साठ मुले आणि डोक्यावर पोर्शन असताना निराळे काही करायचे म्हटले की, वेळ नाही, हे उत्तर येते आणि ते खरेच असते.

तरी पाच मिनिटे निघतात. तास संपताना फळा पुसायचा आणि सांगायचे, वही मिटा, आज काय झाले ते तीन ओळींत लिहा आणि जे कळले नाही ते एका ओळीत. साठ चिठ्ठ्या वाचायला लागत नाहीत, दहा चाळल्या तरी उद्या कुठून सुरू करायचे, ते कळते. किंवा चाचणीचा पेपर देण्यापूर्वी प्रत्येकाला आपले मार्क अंदाजाने पाठीमागे लिहायला लावायचे. पहिल्या वेळी वर्गात हशा पिकतो. पंचवीसपैकी बावीस लिहिणाऱ्याला अकरा मिळालेले असतात. तिसऱ्या-चौथ्या चाचणीपर्यंत अंदाज जवळ येऊ लागतात, आणि अंदाज जवळ येतो तो मार्क वाढायच्या आधी. म्हणून निव्वळ मार्कांकडे पाहणाऱ्याला ही सुधारणा दिसतच नाही.

पुण्याच्या मुलाचे काय झाले? दिवाळी आधीच होऊन गेली होती, तो होळीला घरी आला. बहिणीच्या टेबलावरचे दोन शायांत लिहिलेले कागद त्याने उलटून पाहिले आणि हसला. "हे काय, छोटीशी परीक्षाच की." जाताना मात्र कागदांचे एक रीम घेऊन गेला. आता तो आणि त्याचा रूममेट रात्री जेवणानंतर एकमेकांना पुस्तक मिटून प्रश्न विचारतात, असे फोनवर सांगतो. एका विषयाची बॅक सुटली. दुसरी अजून आहे.

परवा संध्याकाळी आई बऱ्याच दिवसांनी शेजारणीबरोबर ग्वारीघाटला नर्मदेच्या आरतीला गेली. सात वाजता घरी नसण्याची ही कित्येक वर्षांतली पहिली वेळ. परत आली तेव्हा पावणेआठ झाले होते आणि धाकटी टीव्हीसमोर पाय पसरून बसली होती. आईने चपला काढल्या, प्रसादाचा पुडा देवासमोर ठेवला, तोंड उघडले आणि मिटले.

"आठला बसणार आहे," टीव्हीवरची नजर न काढता मुलगी म्हणाली.

ती बसली तेव्हा आठ वाजून दहा मिनिटे झाली होती. आई स्वयंपाकघरात होती. घड्याळ तिला दिसत होते.